अमेरिकेतून जुनी गाडी बाहेर नेताना: टायटल, चेसिस नंबर आणि कस्टम्सची कागदपत्रं

मस्टँग, इम्पाला किंवा तशीच एखादी जुनी अमेरिकन गाडी आपल्या देशात नेऊन पुन्हा उभी करायची असेल, तर इंजिनाच्या आधी कागद बघा. पत्रा गंजला तर बदलता येतो, पण मालकीचा कागद कच्चा निघाला की गाडी बंदरातच अडकते.

वापरलेली गाडी देशाबाहेर पाठवण्याआधी अमेरिकेचं कस्टम्स खातं (सीबीपी) तिची कागदपत्रं तपासतं. गाडी किती जुनी, किती किमतीची, याने फरक पडत नाही. मालक अमेरिकन असायला हवा अशीही अट नाही.

मुख्य कागद म्हणजे टायटल, राज्याने दिलेलं मालकीचं प्रमाणपत्र. मूळ किंवा प्रमाणित प्रत आणि तिच्या दोन पूर्ण झेरॉक्स लागतात. पूर्ण म्हणजे मागच्या बाजूसकट. टायटलवर कर्जाचा बोजा दिसत असेल, तर कर्ज देणाऱ्याचं निर्यातीला संमती देणारं लेटरहेडवरचं पत्र हवं. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहिलेली असते. ती काढून घेणं विक्रेत्याच्या गळ्यात घाला, तेही पैसे देण्याआधी.

टायटलच नाही असं ऐकलं तर आधी राज्य विचारा. न्यूयॉर्क १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देतच नाही, तिथे हस्तांतर करता येणारं रजिस्ट्रेशन चालतं. पण टायटल देणाऱ्या राज्यातली गाडी आणि हातात नुसतं बिल ऑफ सेल (विक्रीची पावती), असा सौदा मी तरी करणार नाही.

आता नंबर. १७ अक्षरांचा व्हीआयएन (म्हणजे आपला चेसिस नंबर) १९८१ च्या मॉडेलपासून आला, त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. १९६५ च्या मस्टँगचा नंबर ‘५एफ०८सी’ असा सुरू होत असेल, तर ५ म्हणजे वर्ष, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल (टप उघडणारी गाडी) आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं २८९ घनइंची इंजिन. हा नंबर डाव्या फेंडरच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. नेमका तोच पत्रा गंजतो आणि एखादा उत्साही मेकॅनिक तो कापून भंगारात टाकतो! विक्रेत्याकडून त्याचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि टायटलशी एकेक अक्षर ताडून पाहा. नंबरात छेडछाड करणं हा तिथे संघीय गुन्हा आहे.

पुढचं काम बहुतेक जण फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटकडे सोपवतात. त्याला मुखत्यारपत्र द्यावं लागतं. तो निर्यातीची माहिती ऑनलाइन भरतो आणि त्याचा आयटीएन, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक मिळतो. जहाजाने पाठवायची असेल तर गाडी आणि कागद निर्यातीच्या किमान ७२ तास आधी कस्टम्ससमोर हजर हवेत.

टायटलवर ‘सॅल्व्हेज’ (मोठं नुकसान झालेली) किंवा ‘जंक’ (भंगारात काढलेली) असा शेरा असेल, तर सौद्याआधी आपल्याकडच्या नोंदणी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. कस्टम्सचा शिक्का बसलेलं मूळ टायटल फॉरवर्डरकडून आठवणीने परत मागा. नोंदणीच्या वेळी झेरॉक्सवर भागेलच असं नाही.