उंदराचं औषध कुत्र्याने खाल्लं तर

सिलिंडरमागे उंदरांसाठी ठेवलेली वडी कुत्र्याने खाल्ली हे कळल्यावर बहुतेक घरांत कोणी दूध आणायला धावतं, कोणी मिठाचं पाणी कालवतं. दोन्ही नको. आधी पाकीट शोधा आणि त्यावरचं रसायनाचं नाव वाचा. उंदराची औषधं एका जातीची नसतात आणि पुढचा उपचार त्या नावावरच ठरतो.

राखाडी-काळी पूड पिठात किंवा भज्यात कालवून ठेवली असेल, तर ते बहुधा झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि काही तासांतच जीव जाऊ शकतो. खायला घातलं की पोटात आम्ल वाढतं आणि वायूही जास्त सुटतो. म्हणून दूध-भाकरी काहीच देऊ नका. याला उतारा नाही. दवाखान्यात नेताना गाडीच्या काचा खाली ठेवा. कुत्रा ओकला तर तो वायू माणसाच्या छातीतही जातो.

तयार रंगीत वडीत मात्र बऱ्याचदा ब्रोमाडायोलोन असतं, आणि ते फसवं आहे. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यासाठी लागणारं के जीवनसत्त्व शरीर पुन्हापुन्हा वापरतं. ब्रोमाडायोलोन हा पुनर्वापरच बंद पाडतं. आधी तयार झालेली प्रथिनं संपेपर्यंत कुत्रा शेपटी हलवतो, जेवतो, खेळतो. मग साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते. रक्तस्राव छातीत किंवा पोटात आतल्या आत होत असल्याने बाहेर थेंबही दिसत नाही. ‘काल खाल्लं, पण आज तर ठणठणीत आहे’ म्हणून लोक थांबतात, आणि उपचार सर्वांत सोपा असतो तो वेळ हातचा जातो.

कारण याला चांगला उतारा आहे: के-१ जीवनसत्त्व. हे औषध साधारण तीन-चार आठवडे द्यावं लागतं, कारण विष यकृतात मुक्काम ठोकून असतं. के-३ या नावाने मिळणारं औषध इथे चालत नाही. गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी करतात. ती टाळू नका. कुत्रा बरा दिसतो म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो.

मिठाच्या पाण्याने उलटी होईलच असं नाही. उलट रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात आणि त्यानेच कुत्री दगावतात. उलटी डॉक्टरांनीच करवावी. खाऊन दोनेक तासांच्या आत तिचा उपयोग जास्त होतो, म्हणून निघतानाच फोन करा. काय खाल्लं, अंदाजे किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन एवढं सांगितलं तरी ते तयारीला लागतात. रॉकेल, ॲसिड किंवा ड्रेन साफ करायची पावडर पोटात गेली असेल तर उलटी करवायचीच नसते. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं, रॉकेल फुफ्फुसात शिरतं.

मांजराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्या. वडीला तोंडही न लावता, ती खाल्लेला उंदीर मारून खाल्ल्याने विष तिच्या पोटात जाऊ शकतं. घरात औषध ठेवलं असेल आणि मांजर सुस्तावली असेल, तर डॉक्टरांना हे न विचारताच सांगा.