शेवाळ पोसावं की उपाशी ठेवावं?

हिरव्या सूक्ष्म शैवालाला नत्र मिळेनासं झालं की त्याच्या पेशीत तेल साठू लागतं. क्लोरेला, सेनेडेस्मस अशा अनेक प्रकारांत हे दिसतं. नवी पेशी घडवायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नत्र. ते संपलं की पेशींचं विभाजन थांबतं. पण ऊन पडतच असतं, प्रकाशसंश्लेषण लगेच बंद होत नाही. मग ओढून घेतलेल्या कार्बनचं करायचं काय? पेशी त्याचं पिष्ट आणि तेल करून ठेवते. हरितद्रव्यातही नत्र असतं, तेही ती मोडून वापरते; म्हणून काही दिवसांत बाटलीतलं गर्द हिरवं पाणी पिवळट पडतं. नाईल रेड हा रंग घालून योग्य प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशीतले तेलाचे थेंब सोनेरी चमकतात.

पण '४० टक्के तेल' असा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. समजा, पोसलेलं शैवाल लिटरमागे १ ग्रॅम भरलं आणि त्यात २० टक्के तेल निघालं, तर ते झालं २०० मिलिग्रॅम. उपाशी शैवाल तेवढ्याच दिवसांत ०.४ ग्रॅम भरलं, तर ४० टक्के असूनही हाती येतं १६० मिलिग्रॅम. विचारायला हवं ते लिटरमागे रोज किती तेल मिळतं, हे. म्हणूनच आधी भरपूर खत देऊन वाढवायचं आणि मग नत्र तोडायचं, अशी दोन टप्प्यांची पद्धत वापरतात.

बडोद्याला ऊन मुबलक, तेव्हा इथे हे सहज जमेल असं वाटतं. मला ते इतकं सोपं वाटत नाही. दाट वाढीत प्रकाश काही सेंटिमीटरच शिरतो, म्हणून उघडी तळी साधारण २०-३० सेंटिमीटर खोल ठेवून पाणी चाकाने फिरतं ठेवावं लागतं. उलट, दुपारचं रणरणतं ऊन वरच्या पेशींची प्रकाशयंत्रणाच बिघडवतं. बहुतेक जातींना २० ते ३० अंश मानवतात; मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, उथळ पाणी तापतं, आटतं आणि त्यातले क्षार वाढतात.

कार्बन डायऑक्साइडही हवाच: १ किलो सुक्या शैवालाला सुमारे १.८ किलो. तो कमी पडला तर पाण्याचा सामू (pH) चढतो, बेसुमार सोडला तर उतरतो. म्हणून सामू बघूनच त्याची मात्रा ठरवतात.

बाहेरून नावाजलेली जात आणण्यापेक्षा इथल्याच तळ्यांत उन्हाळा काढणाऱ्या जाती आधी तपासाव्यात, असं मला ठामपणे वाटतं.