अल्झायमरची रक्तचाचणी कोणत्या कसोटीवर घासली गेली

धंतोली आणि रामदासपेठ या नागपूरच्या दवाखान्यांच्या वस्त्यांत मेंदूविकारतज्ज्ञांकडे येणाऱ्या गर्दीत विदर्भातल्या गावांबरोबरच छिंदवाडा, बालाघाटकडचीही कुटुंबे असतात. एका पिढीपूर्वी म्हाताऱ्या माणसाचे विसरणे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरातच जिरत असे, त्यासाठी एवढा प्रवास कोणी करत नसे. आता मुलगा किंवा सून मोबाइलवरची बातमी डॉक्टरांपुढे धरते आणि विचारते, ‘रक्तावरून अल्झायमर कळतो म्हणतात, मग यांतली कोणती चाचणी चांगली?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर बातमीतल्या टक्केवारीत सापडत नाही, कारण ‘९० टक्के अचूक’ हे अर्धेच वाक्य आहे. कशाशी ताडून अचूक आणि कोणत्या माणसांत अचूक, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. हा उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

पहिली कसोटी शवविच्छेदनाची होती. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेली ऑगस्ट डेटर ही एक्कावन्न वर्षांची स्त्री १९०६ मध्ये वारली. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी ही हकिगत मांडली आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्यांचे नाव दिले. ते थर आणि ते धागे हीच या आजाराची ओळख ठरली, पण ती पटवण्यासाठी रोगी मरावा लागत असे. १९८४ मध्ये अमेरिकेत निदानाचे जे निकष ठरले, त्यांतही जिवंत रोग्याबाबत डॉक्टरांना फार तर ‘संभाव्य अल्झायमर’ एवढेच लिहिता येत होते. ‘निश्चित’ हा शब्द मेंदूच्या ऊतींच्या तपासणीसाठी राखून ठेवलेला होता.

त्याच १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी या साठ्यातले प्रथिन वेगळे काढले. ते म्हणजे अमायलॉइड बीटा. दोन वर्षांनी गुंतलेल्या धाग्यांत टाऊ नावाचे प्रथिन असल्याचे दिसून आले. आज ज्या चाचण्यांची तुलना होते, त्या सगळ्या याच दोन प्रथिनांभोवती फिरतात. प्रथिनांची नावे कळल्यावर ती शरीरातल्या द्रवात मोजण्याची वाट मोकळी झाली आणि १९९० च्या दशकात पाठीतले पाणी काढून ही मोजणी होऊ लागली. मेंदूत अमायलॉइड साचू लागले की पाठीतल्या पाण्यातले अमायलॉइड बीटा ४२ (या प्रथिनाचा ४२ दुव्यांचा प्रकार) घटते आणि टाऊ वाढते, असे त्या अभ्यासांतून पक्के झाले. तरी कण्यात सुई घालायची म्हटली की आपल्याकडची घरेच काय, कोणत्याही देशातली घरे कचरतात, आणि ही पद्धत मोठ्या इस्पितळांपुरतीच राहिली.

दुसरी वाट पेट स्कॅनची, म्हणजे शरीरात सोडलेले किरणोत्सर्गी रसायन कुठे साचते त्याचे चित्र घेण्याची. अमायलॉइडला चिकटणारे, पिट्सबर्गमध्ये तयार झालेले किरणोत्सर्गी रसायन माणसावर वापरल्याचा पहिला अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे फ्लोरबेटापिर हे अधिक काळ टिकणारे रसायन आले. आयुष्याच्या अखेरीस स्कॅन झालेल्या ५९ जणांचे मृत्यूनंतर शवविच्छेदन करून स्कॅन आणि मेंदू यांचा मेळ तपासला गेला आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. शवविच्छेदनावर पेट स्कॅन घासला गेला आणि पुढे रक्तचाचण्या बहुतांशी पेट स्कॅनवर घासल्या गेल्या. कसोट्यांची ही उतरंड ध्यानात ठेवली नाही, तर पुढची सगळी टक्केवारी हवेत तरंगते.

स्कॅनने एक अवघड गोष्टही उघड केली. बापिन्यूझुमॅब या औषधाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रोग्यांची निवड लक्षणांवरून झाली होती. त्यांच्यातल्या ज्यांचे स्कॅन झाले, त्यांत अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ जनुक नसलेल्यांपैकी ३६.१ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड पुरेसे नव्हतेच. अनुभवी तज्ज्ञांनी अल्झायमर म्हटलेल्या या रोग्यांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांना दुसराच काही विकार होता. औषध अपयशी ठरले, पण रोग्याची निवड करण्यासाठी स्वस्त आणि सोपी खूण हवी, ही निकड त्यानंतर कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

रक्तात ही खूण शोधणे मात्र वर्षानुवर्षे फसत राहिले. मेंदूतून रक्तात उतरणारे प्रथिन अत्यल्प असते, आणि अमायलॉइड बीटा तर रक्तातल्या प्लेटलेटसह शरीरात इतरत्रही तयार होते. म्हणून मेंदूत साठा असलेल्या माणसाच्या पाठीतल्या पाण्यात अमायलॉइड बीटा ४२ आणि त्याचाच थोडा आखूड प्रकार ४० यांचे गुणोत्तर जवळजवळ निम्म्याने घसरते, तर रक्तात ते दहा-पंधरा टक्केच घसरते. एवढ्याशा फरकात मोजणीतली किरकोळ चूकही निकाल उलटवू शकते. हा अडसर उपकरणांनी दूर केला. २०१० मध्ये एकेक रेणू मोजण्याची पद्धत पुढे आली, आणि वस्तुमानमापन म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीची अचूकताही वाढत गेली. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या ३७३ जणांच्या रक्तातले अमायलॉइड मोजून पेट स्कॅनशी सुमारे ९० टक्के मेळ दाखवला. या संघात मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे कोइची तनाका हेही होते.

पुढचा पल्ला टाऊने गाठला. टाऊच्या साखळीतल्या ठरावीक जागी फॉस्फेट चिकटते (असे टाऊ म्हणजे पी-टाऊ) आणि त्या जागांच्या क्रमांकांवरून १८१, २१७, २३१ ही नावे पडली. २०२० मध्ये पी-टाऊ १८१ चे मोठे अभ्यास आले आणि त्याच वर्षी पी-टाऊ २१७ चा, स्वीडन, ॲरिझोना आणि कोलंबियातल्या एकूण १,४०२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला ॲरिझोनाचा ८१ जणांचा गट मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे रक्ताचा निकाल स्कॅनशी ताडून न थांबता मृत्यूनंतरच्या मेंदूशी ताडला गेला. कोलंबियातल्या आनुवंशिक अल्झायमरच्या कुटुंबांत तर लक्षणे अपेक्षित असलेल्या वयाच्या सुमारे वीस वर्षे आधीच ही पातळी वाढू लागल्याचे दिसले.

इथून पुढे चाचण्या एकमेकींशेजारी ठेवून तोलल्या जाऊ लागल्या. २०२१ मध्ये अमायलॉइड गुणोत्तराच्या आठ चाचण्यांची तुलना झाली, तेव्हा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारलेल्या चाचणीने प्रतिपिंडांवर आधारलेल्या अनेकींना मागे टाकले. २०२४ मध्ये अमेरिकेत ३९२ जणांच्या त्याच साठवलेल्या रक्तावर सहा व्यापारी चाचण्या चालवल्या गेल्या आणि ज्या चाचण्यांत पी-टाऊ २१७ होते त्याच पुढे राहिल्या. नमुना एकच असल्यामुळे अशी तुलना कंपन्यांच्या आपापल्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. दोन कंपन्यांची पत्रके शेजारी मांडून चाचणी निवडणे म्हणजे दोन वेगळ्या शाळांच्या परीक्षांतले गुण जुळवण्यासारखे आहे.

जुलै २०२४ मध्ये स्वीडनमधल्या १,२१३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक डॉक्टरांचे अल्झायमरचे निदान ६१ टक्के आणि स्मृतिभ्रंश-तज्ज्ञांचे ७३ टक्के बरोबर ठरले, तर २१७ या जागी फॉस्फेट असलेल्या आणि नसलेल्या टाऊचे प्रमाण आणि अमायलॉइड गुणोत्तर एकत्र पाहणारी रक्तचाचणी सुमारे ९१ टक्के वेळा बरोबर आली. मे २०२५ मध्ये अमेरिकेने फुजिरेबिओ कंपनीच्या ल्युमिपल्स या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, तीही ५५ वर्षांवरील आणि लक्षणे असलेल्यांपुरती. ४९९ जणांत तिचे होकारार्थी निकाल ९१.७ टक्के आणि नकारार्थी ९७.३ टक्के खरे ठरले, आणि वीस टक्क्यांहून कमी लोकांना ‘सांगता येत नाही’ असे उत्तर मिळाले. हे तिसरे उत्तर चाचणीचा दोष मानू नये, कारण मधल्या पट्ट्यातल्या माणसाला जबरदस्तीने एका बाजूला ढकलण्यापेक्षा ते बरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोशच्या पी-टाऊ १८१ चाचणीला आजार वगळण्यासाठी परवानगी मिळाली. म्हणजे तुलनेत मागे असलेले १८१ देखील ‘नाही’ म्हणण्याच्या कामी उपयोगी पडते.

आता कोणत्या माणसांत, हा मुद्दा. समजा चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. स्मृतिभ्रंशाच्या विशेष बाह्यरुग्ण विभागात आलेल्या १०० पैकी ६० जणांना खरोखर हा आजार असेल, तर ५४ खरे आणि ४ खोटे होकार येतील. तीच चाचणी एखाद्या शिबिरात सरसकट १०० ज्येष्ठांची केली आणि त्यांतल्या १० जणांच्याच मेंदूत साठा असला, तर ९ खरे आणि ९ खोटे होकार मिळतील, म्हणजे नाणेफेकच. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अल्झायमरखेरीज रक्तवाहिन्यांमुळे होणारा आणि इतर प्रकारचा स्मृतिभ्रंशही येतो. त्यामुळे लक्षणे नसलेल्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ही तपासणी घालणे मला गैर वाटते.

चाचणीच्या आकड्याला शरीरातल्या इतर गोष्टीही हलवतात. मूत्रपिंडे मंद चालत असली की पी-टाऊ २१७ रक्तात साचते आणि निकाल खोटा होकारार्थी येऊ शकतो. फॉस्फेट असलेल्या आणि नसलेल्या टाऊचे प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीला हा धोका कमी, कारण दोन्ही एकदमच वाढतात. वजन जास्त असेल तर पातळी उलट कमी दिसते. हृदय कमकुवत असलेल्यांना दिल्या जाणाऱ्या सॅक्युबिट्रिलमुळे अमायलॉइड गुणोत्तर बिघडते. मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेली माणसे विदर्भात कमी नाहीत, म्हणून या तपासणीच्या चिठ्ठीआधी क्रिएटिनिनचा कागद हाती असणे बरे. बी-१२ आणि थायरॉइड तर त्याहीआधी पाहिले जातात, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो.

राहिला नमुन्याच्या प्रवासाचा प्रश्न. विशेष तपासण्यांचे रक्त नागपूरहून बाहेरगावच्या प्रयोगशाळांत पाठवण्याची रीत जुनीच आहे. रक्त काढल्यावर ते लवकर यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींवेगळा द्रव, वेगळा करून गोठवला नाही, तर अमायलॉइड विघटित होऊ लागते. पी-टाऊ त्या मानाने अधिक काळ तग धरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना कुरियरच्या डब्यातून निघालेल्या नळीबाबत घरच्यांनी संकलन केंद्राला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: प्लाझ्मा किती वेळात वेगळा केला, आणि तो कोरड्या बर्फात पाठवला की नाही.