हॉजसन यांची बो ब्रुअरी

लंडनच्या पूर्व सीमेवर, ली नदीवरील बो पुलाजवळचा जुना बिअर-कारखाना. स्थापना बहुधा १७५२, संस्थापक जॉर्ज हॉजसन. लंडनमधील बड्या कारखान्यांच्या तुलनेत तो लहानच होता. त्याचे नाव झाले ते हिंदुस्थानातील इंग्रजांसाठी जाणाऱ्या पेल एल या फिकट सोनेरी बिअरमुळे.

‘इंडिया पेल एल’ हा प्रकार हॉजसन यांनी शोधला, असे १८६९ पासूनच्या लेखनात वारंवार आढळते. या मताला समकालीन आधार दिसत नाही. पेल एल त्यांच्या आधीपासून इंग्लंडात होत होती आणि उष्ण प्रदेशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप (कडवटपणा आणणारी फुले) जास्त घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातही रूढ होता. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांच्या मते हॉजसन यांची बिअर म्हणजे जमीनदारांच्या तळघरांत वर्ष-दोन वर्षे मुरवली जाणारी ‘ऑक्टोबर बिअर’च होय. १८२२ मधील कलकत्त्याच्या जाहिरातीत तिला ‘अस्सल ऑक्टोबरची’ म्हटले आहे, त्यामुळे हेच मत अधिक ग्राह्य वाटते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून जाणाऱ्या अनेक महिन्यांच्या सफरीत पिंपांतली बिअर लवकर मुरत असे. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव मात्र छापील स्वरूपात प्रथम आढळते ते १८२९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रात.

यशाचे खरे कारण स्थान आणि उधारी. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच ब्लॅकवॉलला नांगरत. कप्तानांना खासगी व्यापाराची मुभा होती आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देत.

सुमारे १८२१ मध्ये कारखान्याचे तेव्हाचे चालक फ्रेडरिक हॉजसन व टॉमस ड्रेन यांनी उधारी बंद केली, भाव वाढवले आणि स्वतःच माल पाठवू लागले. दुखावलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी इंग्लंडातील बर्टन गावचे बिअर-उत्पादक सॅम्युअल ऑलसॉप यांना तशीच बिअर करण्यास सुचवले. तिचा पहिला नमुना चहाच्या किटलीत तयार झाला, ही कथा परंपरागतच समजावी. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर असते. त्यामुळे हॉपचा कडवटपणा स्वच्छ उतरतो. लंडनचे कार्बोनेटयुक्त पाणी पोर्टर या गडद बिअरलाच मानवणारे. १८२३ पासून ऑलसॉप व पाठोपाठ बर्टनचाच बॅस कारखाना यांनी ही बाजारपेठ काबीज केली.

पुढे कारखाना स्मिथ गॅरेट कंपनीकडे गेला. १९२७ मध्ये तो टेलर वॉकर कंपनीने घेतला. १९३३ मध्ये इमारती पाडून तेथे सार्वजनिक घरे बांधण्यात आली.