‘टॉपल’ : कलंडणं की पाडणं?

तोल जाऊन पडलेलं कपाट आणि गादीवरून खेचलेला हुकूमशहा, इंग्रजीत दोघांनाही ‘टॉपल’ हे एकच क्रियापद पुरतं. शब्द 16व्या शतकातला. ‘टॉप’ म्हणजे माथा. माथा जड झाला की वस्तू डुलते आणि कलंडते. आधी अर्थ नुसता गडगडण्याचा होता, पाडण्याचा नंतर आला. रूप मात्र तेच राहिलं, त्यामुळे पुतळा आपण पडला की कुणी पाडला हे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे ‘सरकार पडलं’ आणि ‘सरकार पाडलं’ यांत फरक एका कान्याचा, पण त्या कान्यावरून किती भांडणं होतात!

चेक भाषेत हे काम ‘से’ हा छोटा शब्द करतो. पेला आपण होऊन कलंडला तर ‘प्रझेव्रह्नोउत से’, कुणाचा धक्का लागून कलंडला तर ‘से’ गळतो. ‘व्रह’ म्हणजे फेक; गोळाफेकीच्या नावातही हाच शब्द आहे. त्याला ‘प्रझे’ लागला की उलटं करणं, ‘स’ लागला की वरून खाली फेकणं. म्हणून होडी प्रझेव्रह्नोउत होते आणि राजाला किंवा सरकारला स्व्रह्नोउत करतात. ही अदलाबदल केली तर वाचक हसेल.

पडण्याचे प्रकारही वेगळे. चालताना आपटला तर ‘उपाद्नोउत’, शिडीवरून पडला तर ‘स्पाद्नोउत’, तोडलेल्या झाडासारखा आडवा झाला तर ‘स्कात्सेत से’, इमारत कोसळली तर ‘ज्झीतित से’. शब्दकोशात ‘टॉपल’समोर यांतले चार-पाच शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने मांडलेले असतात. निवड अनुवादकाच्या डोक्यावर.

खरा गुंता चेक राजधानी प्रागच्या जुन्या चौकातल्या मेरीस्तंभाचा, म्हणजे माथ्यावर येशूच्या आईची, मेरीची मूर्ती असलेल्या खांबाचा. 1648च्या स्वीडिश वेढ्यातून शहर वाचलं म्हणून 1650मध्ये तो उभारला गेला. पुढे अनेकांना तो हॅब्सबर्ग या ऑस्ट्रियन राजघराण्याच्या सत्तेची आणि 1620मध्ये पांढऱ्या टेकडीवर त्याच घराण्याकडून झालेल्या चेक पराभवाची खूण वाटू लागला. चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताक जाहीर झाल्यावर सहाव्या दिवशी, 3 नोव्हेंबर 1918ला, त्याच टेकडीवरच्या सभेहून परतलेल्या लोकांच्या जमावाने दोर लावून तो खाली ओढला. इंग्रजी लेखक इथे बिनधास्त ‘टॉपल’ लिहितात. चेकमध्ये मात्र ‘स्त्रह्नोउत’ म्हणजे ओढून खाली आणणं, ‘पोवालित’ म्हणजे लोळवणं आणि ‘झ्बोरझित’ म्हणजे पाडून टाकणं. पहिल्यात दोर दिसतो, दुसऱ्यात धक्का, तिसऱ्यात नासधूस. मला पहिला योग्य वाटतो, कारण दोर होता. तिसरा शब्द घेणारा नुसता अर्थ सांगत नाही, निकालही देतो. ‘स्व्रह्नोउत’ लिहिणारेही आहेत; त्यांच्या मनात स्तंभापेक्षा राजवट जास्त असावी.

1989मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली, तेव्हा हाच प्रश्न तिच्याबद्दल आला. रुळलेला शब्द ‘पाद’, म्हणजे पडणं. (मराठी कानाला हसू येईल, पण उच्चार तोच आहे.) त्यात कर्ता नाही. रस्त्यावर उतरलेल्यांना ‘स्व्रझेनी’, म्हणजे उलथवणं, हा शब्द जवळचा वाटला तर नवल नाही.

पुतळ्यांच्या बाबतीत तर ‘टॉपल’ सरसकट वापरूच नये. प्रागमधल्या लेतना टेकडीवरचं स्टालिनचं अवाढव्य स्मारक 1962मध्ये सुरुंग लावून उडवलं गेलं, त्याला ‘ओद्स्त्रझेलित’. एप्रिल 2020मध्ये प्रागच्या सहाव्या विभागातला एका सोव्हिएत मार्शलचा पुतळा क्रेनने अलगद उचलून नेला. तो ‘ओद्स्त्रानित’, म्हणजे हटवणं. त्याच वर्षी उन्हाळ्यात जुन्या चौकात मेरीस्तंभाची प्रतिकृती तुकड्या-तुकड्याने क्रेननेच उभी राहिली. मूळ स्तंभाचे तुकडे संग्रहालयात आहेत.