हरिश्चंद्रगड (डोंगरभटकंती)

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला सह्याद्रीच्या मुख्य रांगेवरचा डोंगर आणि किल्ला. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दी इथेच येऊन भिडतात, दक्षिणेला माळशेज घाट आहे आणि पश्चिमेला कोकण एकदम खाली तुटलेलं आहे. गडावर तारामती, रोहिदास आणि बालेकिल्ला अशी तीन मुख्य शिखरं, मधल्या खोलगट भागात हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, पुष्करणी आणि लेणी, आणि पश्चिम टोकाला कोकणकडा. शिखरांची नावं राजा हरिश्चंद्र, राणी तारामती आणि मुलगा रोहित यांच्यावरून पडलेली आहेत हे उघड आहे, ती कधी पडली ते मात्र ठरवता येत नाही. महाराष्ट्रात डोंगर चढायची आवड असलेला माणूस एकदा तरी इथे येतोच, पण हा गड ट्रेकरांच्या आधी कित्येक शतकं यात्रेकरूंचा, साधकांचा आणि घाटाखाली-घाटावर ये-जा करणाऱ्या गाववाल्यांचा होता आणि आपण ज्याला ट्रेक रूट म्हणतो ती बहुतेक त्यांचीच पायवाट आहे, हे इथे आधीच सांगून टाकलेलं बरं.

उंची

तारामतीची उंची कुठे 1424 मीटर दिलेली असते, कुठे 1429 मीटर, आणि बऱ्याच ठिकाणी 1429 मीटर लिहून पुढे कंसात 4850 फूट असं असतं. हा हिशोब जुळत नाही. 1429 मीटरचे साधारण 4688 फूट होतात, आणि 4850 फूट खरे मानले तर ते 1478 मीटर भरतात. एकाने चुकवलेलं रूपांतर पुढच्यांनी तसंच उचललं असावं असं दिसतं. 1424-1429 हा टप्पा धरून चालणं सुरक्षित. तुलनेसाठी, याच तालुक्यात उत्तरेला असलेलं कळसूबाई 1646 मीटर आणि बागलाणातला साल्हेर 1567 मीटर. राज्यात तारामतीचा नंबर कितवा यावर ट्रेकर मंडळी तावातावाने बोलतात, पण ते शिखर वेगळं कधी मोजायचं आणि त्याच डोंगराचा उंचवटा कधी म्हणायचं यावर ठरतं.

खडक

गड पूर्ण बेसाल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हाचे थरावर थर साचले, त्या दख्खन ट्रॅपचाच हा भाग. पश्चिम घाटातल्या थरांचा जो क्रम भूशास्त्रज्ञांनी लावलाय त्यात सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या गटाला कळसूबाई उपगट असंच नाव आहे, आणि त्यात खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर असे थर येतात. यातल्या बऱ्याच थरांच्या सीमेवर बोटभर लांबीचे पांढुरके स्फटिक असलेला वेगळाच बेसाल्ट सापडतो. चालताना पायाखाली काळ्या दगडात पांढऱ्या काड्या पेरल्यासारखं दिसलं की तो हाच. थर आडवे, आणि कठीण-मऊ असे आलटून पालटून, म्हणून इथली चढण पायऱ्यांसारखी वाटते: एक खडा टप्पा, मग सपाटी, मग परत खडा टप्पा. पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून येणाऱ्यांना "अजून किती टेकड्या राहिल्या" असं वाटत राहतं त्याचं कारण हेच आहे.

देवळाचा आणि लेण्यांचा काळ

यावर मतं बरीच आहेत. मूळ किल्ला सहाव्या शतकात कलचुरींनी बांधला असं सर्रास लिहिलेलं असतं, पण त्या काळाचं म्हणून ठामपणे दाखवता येईल असं बांधकाम गडावर आज दिसत नाही, त्यामुळे हे विधान जपूनच घ्यावं. तारामतीच्या पायथ्याला ओळीने लेणी आहेत, त्यातल्या एकात माणसापेक्षा उंच गणेशमूर्ती आहे. ही लेणी जुन्या अभ्यासकांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासची मानली आणि पुढे त्याला मोठा धक्का देणारं काही आलेलं नाही. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ साधारण त्याच काळातलं किंवा थोडं नंतरचं धरतात. देवळाला "हेमाडपंती" म्हणायची सवय आपल्याकडे आहे, पण ज्याच्यावरून हे नाव आलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) तेराव्या शतकातला, आणि दगडी जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायचं यापलीकडे त्या शब्दात इथे फारसा अर्थ नाही.

दुसरी एक लाडकी गोष्ट म्हणजे शिलाहार राजा झंझ याने गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली आणि हरिश्चंद्रेश्वर, रतनवाडीचं अमृतेश्वर ही त्यातलीच. झंझ खरा, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. अरब प्रवासी मसुदी चौलला आला तेव्हा तिथे त्याचंच राज्य होतं. त्याने आपल्या नावाने बारा शिवालयं उभारली असं नंतरच्या शिलाहार ताम्रपटांत येतं. पण ताम्रपट बारा देवळांपाशीच थांबतो. नद्यांचे उगम आणि आजच्या देवळांची नावं ही जोड मागाहूनची दिसते. देवळाशेजारून मंगळगंगा नदी पायथ्याच्या पाचनई गावाकडे उतरते म्हणून हे स्थळ त्या यादीत सहज बसलं असावं. सुंदर कल्पना आहे, पुरावा मात्र तोकडा.

चांगदेवांचा संबंध जास्त पक्का आहे. देवळाच्या परिसरातल्या कोरीव लेखांत चक्रपाणी वटेश्वर हे नाव वाचलं गेलंय (चांगदेवांनाही चांगा वटेश्वर म्हणतात), आणि चांगदेवांच्या तत्त्वसार या ग्रंथात तो शके 1234 मध्ये, म्हणजे इ.स. 1312 मध्ये, हरिश्चंद्र पर्वतावर रचल्याचा उल्लेख येतो. अडचण अशी की चांगदेवांची समाधी इ.स. 1305 ची मानणारीही एक परंपरा आहे, आणि दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. ग्रंथातच संवत्सराच्या नावासकट काळ दिलेला असताना 1312 ला जास्त वजन द्यावं असं वाटतं.

मराठ्यांनी गड 1747-48 च्या सुमारास मुघलांकडून घेतला आणि 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. तटबंदीचे अवशेष आज थोडेच आहेत, त्यामुळे किल्ला बघायला म्हणून येणाऱ्याची जरा निराशा होते.

केदारेश्वर

देवळाच्या खालच्या अंगाला मोठी गुहा, आत प्रचंड शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं पाणी. पाणी बाराही महिने गार, मे महिन्यात उतरलं तरी पहिल्या दोन पावलांत पोटऱ्या बधिर होतात. लिंगाभोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे, आणि चार खांब म्हणजे चार युगं, तीन संपली, हा कलियुगाचा, अशी समजूत आहे. लोक पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात. महाशिवरात्रीला आजूबाजूच्या गावांतून गर्दी होते, आणि त्या दिवशी गड चढणाऱ्या आज्या बघितल्या की ट्रेकिंग शूजचं कौतुक जरा कमी होतं.

वाटा

पाचनईची वाट सगळ्यात सोपी, राजूरकडून गाडीने गावापर्यंत जाता येतं आणि तिथून दोन-अडीच तासांत देऊळ. वाटेत एका बाजूला पोटात पोकळ गेलेला कडा आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याची घळ, पावसाळ्यात डोक्यावरून पाण्याच्या धारा पडत असतात. खिरेश्वरची वाट मुंबई-पुणेकरांची जुनी आवडती: माळशेज घाटाच्या वर खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून गाव गाठायचं, नागेश्वराच्या देवळाचं कोरीव छत बघायचं आणि तोलार खिंडीकडे निघायचं. खिंडीत वाघाचं शिल्प आहे. पुढे कातळटप्प्यावर रेलिंग लावलेत, तो चढला की अवघड संपलं असं वाटतं पण खरी चूक तिथूनच पुढे होते, पठार आणि झाडीत वाटा फुटतात आणि धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. देवळापर्यंत चार-पाच तास धरावेत. राजनाळ आणि जुन्नर दरवाजा या वाटा कमी वापरातल्या.

कोकणातून वर येणाऱ्या वाटांचा प्रकारच वेगळा. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून साधले घाट वर येतो तो गाववाल्यांचा. नळीची वाट कोकणकड्याच्या बाजूच्या घळीतून दगडधोंड्यांवरून चढते, दोन-तीन ठिकाणी दोर लागतो, आठ-दहा तास सहज जातात आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. पावसाळ्यात ही वाट करू नये, वरून येणारा दगड बघायलासुद्धा वेळ मिळत नाही.

कोकणकडा आणि इंद्रवज्र

पश्चिमेचा कडा अर्धगोल, आणि नुसता उभा नाही तर आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. कडेला पालथं झोपून डोकं बाहेर काढलं की खाली बेलपाड्याची घरं काडेपेटीएवढी दिसतात आणि वारा तोंडावर खालून वर येतो. ओंजळभर पाणी बाहेर फेकलं तर ते थेंब होऊन परत अंगावर येतं. गिर्यारोहकांनी हा कडा चढलाय, दोरावरून उतरतातही, पण इथला वारा आणि आत गेलेला कातळ अनुभवी माणसालाही सोपा नाही. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी 2020 मध्ये इथेच अपघाती मृत्यू झाला.

इंद्रवज्राबद्दल सगळीकडे एकच वाक्य फिरतं, की 1835 मध्ये कर्नल साइक्सला कोकणकड्यावर गोल इंद्रधनुष्य दिसलं. यातलं साल बहुधा दुरुस्त करायला हवं. विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरला तो 1824 पासून, आणि 1831 मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला. 1835 हे त्याच्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधाचं प्रकाशन वर्ष आहे, त्यामुळे प्रत्यक्ष दर्शन 1831 च्या आधीचंच असणार. आणि ते एकदा नाही तर अनेकदा झालं असं तोच सांगतो. धुकं कोकणातून कड्याच्या काठापर्यंत वर आलेलं पण पठारावर न सांडलेलं, सूर्य पाठीमागे आणि अगदी खाली, आणि रंगीत पूर्ण वर्तुळाच्या मधोमध त्याची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, असं ते वर्णन आहे.

साइक्सने याला गोल इंद्रधनुष्य म्हटलं, पण आजच्या समजुतीप्रमाणे हे इंद्रधनुष्य नाही. इंद्रधनुष्य आपल्या डोक्याच्या सावलीपासून साधारण 42 अंशांवर पडतं आणि पावसाच्या थेंबांत दिसतं. धुक्याचे थेंब फार बारीक, त्यात तेवढ्या अंतरावर फिकट पांढरं धनुष्य दिसतं. सावलीला चिकटून दिसणारं छोटं रंगीत वलय म्हणजे ग्लोरी, थेंबांतून प्रकाश मागे फेकला जाताना लहरींच्या परिणामाने तयार होणारी, आणि साइक्सचं वर्णन तिच्याशी जास्त जुळतं. प्रत्येकाला वलय स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, शेजाऱ्याच्या नाही. कडा पश्चिमेला तोंड करून असल्याने सूर्य पाठीमागे हवा तर वेळ सकाळची, म्हणून सूर्यास्ताला कड्यावर जमणाऱ्यांना सूर्यास्त छान दिसतो पण इंद्रवज्र नाही.

हंगाम, रान आणि गाव

1986 पासून हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सप्टेंबरमध्ये पठारावर सोनकी आणि तेरडा, सात-आठ वर्षांतून एकदा कारवी, पावसाच्या तोंडावर काजवे. चालायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

पायथ्याची वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. सुट्टीच्या दिवशी गडावर पिठलं-भाकरी मिळते, त्यासाठीचं पीठ, सरपण आणि भांडी पाचनईहून डोक्यावर चढवलेली असतात. शनिवारी रात्री कड्याजवळ तंबूंची रांग लागते, स्पीकर वाजतात, आणि सकाळी प्लॅस्टिकच्या प्लेटा वाऱ्याने पुष्करणीपर्यंत जातात, हे थांबायलाच हवं. पुष्करणीच्या भिंतीत ओळीने कोनाडे आहेत, आतल्या मूर्ती आता जागेवर नाहीत, आणि त्याच रिकाम्या कोनाड्यांत कधीकधी बिस्किटांची पाकिटं खोचलेली सापडतात.