लघुसैनिक रंगवण्याचे पर्यायी साहित्य

मेजावरच्या युद्धखेळातील किंवा मातीच्या किल्ल्यावरील लहान सैनिकांना तयार रंगाऐवजी गेरू, चुना, हळद, काजळ, शिसपेन्सिल, खडू, शाई, बूटपॉलिश अशा हाताशी असलेल्या वस्तूंनी रंगरूप देण्याची पद्धत. बेळगाव सीमाभागात, म्हणजे बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीभाषक पट्ट्यात, दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्यांमुळे ती घरोघरी परिचित आहे. इथली मुले या मावळ्यांना ‘चित्रं’ म्हणतात.

युद्धखेळाचा उगम लष्करी शिक्षणात आहे. प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये अशा खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याचे सैन्य मात्र लाल-निळ्या ठोकळ्यांचे होते. आजचे छंदी खेळाडू साधारण २८, १५ किंवा ६ मिलिमीटर मापाचे धातूचे, राळेचे किंवा प्लास्टिकचे सैनिक वापरतात आणि ते बहुधा अ‍ॅक्रिलिक रंगांनी रंगवतात. पर्यायी साहित्याकडे वळण्याचे पहिले कारण खर्च. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते : धूळ, गंज, मळलेले कापड, घासून उघडे पडलेले लोखंड यांचा भास कोरड्या भुकटीने जितका खरा होतो, तितका एकसारख्या ओल्या थराने होत नाही.

सीमाभागातील किल्ले दिवाळीत अंगणात, गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. जिल्ह्याच्या पश्चिमेला तांबडी जांभ्याची माती आणि पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीकडे, काळी. काळी माती वाळताना आकसते आणि तटाला भेगा पडतात. तांबड्या मातीचा बुरूज त्या मानाने टिकतो. नमुना म्हणून येळ्ळूरचा राजहंसगड किंवा खानापूर तालुक्यातील भीमगड असे जवळचे गडही घेतले जातात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणतात, वाटा रांगोळीच्या, झुडपे रंगवलेल्या भुशाची. ज्या हातांनी ही सजावट होते, त्याच हातांनी उरलेल्या साहित्यातून मावळ्यांच्या अंगरख्यांना रंग चढतो.

या साहित्यात हळद आणि चुना यांची जोडी सर्वांत शिकण्यासारखी आहे. हळदीतील रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल होते. घरगुती कुंकवाचे मूळही तेच. त्यामुळे चुन्याने पांढरा केलेला मावळा हळदीने पिवळा करायला गेल्यास तो तांबूस होतो आणि मूल चकित होऊन बघत राहते. हळदीच्या पाण्यात चुना नखभरच टाकला की भगव्याच्या जवळची छटा मिळते. चुना जास्त पडला तर लिंबाचे दोन थेंब ती पुन्हा पिवळसर करतात. निशाणाचा भगवा असा घरच्या घरी साधता येतो. मात्र हळद उन्हात उडते, म्हणून हे निशाण सावलीच्या बाजूस रोवावे. चुना हाताळणे मोठ्यांनीच करावे, डोळ्यात गेल्यास तो गंभीर इजा करतो.

उन्हाने न उडणारा रंग हवा असेल तर गेरू, म्हणजेच काव. तो लोहाचे ऑक्साइड असल्याने वर्षानुवर्षे तसाच राहतो. पिवडी, म्हणजे पिवळी माती, हीही लोहाचीच, फक्त तिच्यात पाण्याचा अंश असतो. तव्यावर चांगली तापवली की तो निघून जातो आणि पिवडी तांबडी होत जाते. खानापूरची माती वस्त्रगाळ करून मावळ्याच्या पायांना, घोड्याच्या खुरांना चोळली की तो त्याच वाटेने चालत आल्यासारखा दिसतो. हे काम विकतची भुकटीही करते, पण गड ज्या मातीचा, त्याच मातीची धूळ पायांवर असण्याची गोडी वेगळी.

तलवार, भाला, चिलखत यांना शिसपेन्सिल. तिच्यातील ग्रॅफाइटचे पापुद्रे चपटे असतात आणि बोटाने घासले की एका दिशेने बसून चकाकतात. आधी काजळाने किंवा काळ्या शाईने पाते काळे करून कडांवर पेन्सिल फिरवल्यास पोलादाचा आभास चांदीच्या रंगापेक्षा जास्त खरा येतो. भुवया, मिशा आणि डोळ्यांसाठी बारीक टोकाचे जेल पेन पुरते. अंगरख्याच्या चुण्यांत पातळ केलेली शाई सोडली की ती आपोआप खोलगट जागी साचते व सावल्या तयार होतात. तपकिरी बूटपॉलिश चोळून पुसल्यावरही हेच घडते. सुका खडू पॉलिश पेपरवर घासून काढलेली भुकटी कोरड्या कुंचल्याने लावतात.

ही सारी द्रव्ये पृष्ठभागावर अवलंबून असतात. भुकटीला धरायला खडबडीतपणा लागतो. भाजलेली माती किंवा शाडू सच्छिद्र असल्याने तिथे ती सहज बसते. खानापूर भागात कुंभारकामाची जुनी परंपरा आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्थाही तिथे आहे; बिनरंगी भाजलेला मावळा मिळाला तर नवशिक्याने त्याच्यापासूनच सुरुवात करावी. प्लास्टर ऑफ पॅरिस शाई झटकन पिते आणि शाई पसरते, तेव्हा आधी चिंचोक्याच्या खळीचा पातळ हात द्यावा. पिशवीत मिळणारे मऊ प्लास्टिकचे सैनिक सर्वांत हट्टी : त्यांच्यावरचा तेलकटपणा साबणाने धुऊन, पातळ फेव्हिकॉलचा थर सुकवून मगच पुढे जावे. कडक प्लास्टिकवर नेलपॉलिश लावू नये. त्यातील द्रावकाने चेहऱ्याची कोरीव नक्षी वितळते.

शेंदूर मात्र या यादीतून वगळायलाच हवा. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे, आणि किल्ल्यावर काम करणारी बोटे थोड्या वेळाने फराळाच्या ताटात जाणार असतात. लाल रंगासाठी गेरू आहेच.

रंगाविना आकृती सजवण्याची रीत या भागाला परकी नाही. दिवाळीच्या पाडव्याला गावोगावी शेणाचे पांडव किंवा गवळणी मांडतात; त्यांचे दागिने झेंडूच्या पाकळ्यांचे, कपाळ हळदीकुंकवाचे. पण त्या आकृतींना पूजेनंतर कोणी उचलून खेळत नाही, आणि साहित्य निवडताना खरा फरक इथेच पडतो. बुरुजावर एकदा ठेवलेला मावळा तुळशीच्या लग्नापर्यंत तिथेच असतो, म्हणून त्याच्यावरची सुटी भुकटी टिकते. युद्धखेळातील सैनिक प्रत्येक चालीला चिमटीत येतो. बोटांच्या घामाने दोन डावांत खांदे व टोपी उघडी पडतात.

म्हणून खेळायच्या सैनिकावर भुकटी पक्की करावी लागते. बाभळीच्या डिंकाचे पाणी किंवा पाण्यात सैल केलेला फेव्हिकॉल कुंचल्याने न घासता थेंबाथेंबाने सोडतात. बिनचकाकी वार्निशचा फवारा असेल तर उत्तम. भिजल्यावर भुकटीची छटा गडद होते, तेव्हा सुरुवातीलाच एक छटा फिकी धरावी. ग्रॅफाइटवर वार्निश पडल्यास त्याची चकाकी जाते. पाती सर्वांत शेवटी, फवाऱ्यानंतर घासावीत. सैनिक तळाच्या चकतीला धरून उचलण्याची सवय लावली तर निम्मे काम तिथेच वाचते.

किल्ला मोडल्यावर मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातात. सीमाभागाच्या पश्चिमेकडील पावसाळ्यात डिंक ओल धरतो व त्याला बुरशी येते. खोके माळ्यावर कोरड्या जागी ठेवून सोबत कापडात बांधलेला कोळसा टाकतात. पुढच्या वसुबारसेला खोके उघडल्यावर हळद बहुतेक विटलेली असते, गेरू जसाच्या तसा, आणि तलवारींवर पुन्हा एकदा पेन्सिल फिरवावी लागते.